सगळ्याच गरोदर बायकांना दारूचं का विचारता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओपीडीत विचारलंत, जिन्यात गाठून विचारलंत. माझ्या नणंदेने भाचीच्या डोहाळजेवणात ओटीचं सामान काढता काढता विचारलं. गेल्या पावसाळ्यात एका खासगी डॉक्टरांनीही विचारलं, आणि त्यांनी तरी विचारायला नको होतं. प्रश्न एकच: "सिस्टर, येईल त्या गरोदर बाईला 'दारू घेता का' म्हणून कशाला विचारता? माणूस बघून विचारावं."

माणूस बघूनच तर विचारायचं नाही. हे मी तोंडी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना आवाज चढतो, आणि आवाज चढला की समोरचा ऐकायचा थांबतो. म्हणून लिहिते आहे.

मी मुंबई महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात नोंदणीच्या टेबलावर असते. शेवटची पाळी कधी, आधीची बाळंतपणं किती, एखादं पडलं का, बीपी, साखर, थायरॉइड, घरात कुणाला टीबी. मग मिश्री, तंबाखू, दारू. मिश्रीला कुणी चिडत नाही. "सकाळी लावते थोडीशी, त्याशिवाय पोट साफ होत नाही," असं बायका सरळ सांगतात, आणि मागे उभ्या असलेल्या सासूबाई कमरेची डबी चाचपतात. तंबाखूला नुसती मान हलते. दारू म्हटलं की पदर सावरला जातो. "अहो, आम्ही तसल्यातले नाही." "आमच्यात बायका पीत नाहीत." "मिस्टरसुद्धा कधीतरीच, ऑफिसचं असलं तर."

बहुतेक जणी खरंच पीत नाहीत, हे मला मान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी दारू घेतो म्हणणाऱ्या देशभरात १.३ टक्के निघाल्या. पुरुष जवळजवळ १९ टक्के. हा आकडा मला तोंडावर फेकून मारतात. पण सर्वेक्षणवाले घरी जाऊन विचारतात, आणि आपल्याकडच्या घरात बाई किती वेळ एकटी सापडते ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि १.३ तर १.३ धरा. शंभरात एक बाई माझ्या टेबलासमोरून कधी ना कधी जाणारच. ती कोण, हे साडीवरून कळत नाही, आडनावावरून तर अजिबात नाही.

ज्यांनी मला आजवर "हो" म्हटलंय त्यांच्यात रात्रपाळी करणारी कॉल सेंटरची मुलगी आहे. शिफ्ट सुटल्यावर सगळे जायचे, ती पण जायची. नाक्यावर उभी राहून बांधकामाला जाणारी आहे, अंग ठणकतं म्हणून नवऱ्याच्या क्वार्टरमधलं दोन घोट घेऊन झोपणारी. एका चांगल्या शिकल्या-सवरल्या घरातलीला सर्दी झाली की आजेसासूबाईच चमच्याने ब्रँडी द्यायच्या, आणि तिच्या हिशेबात ती दारू नव्हतीच. तुम्ही "माणूस बघून" विचारलं असतंत तर या तिघींपैकी फक्त नाक्यावरचीला विचारलं असतंत. तिचा अपमान झाला असता आणि उरलेल्या दोघी निसटल्या असत्या. सगळ्यांना एकाच सुरात विचारलं की कुणाचाच अपमान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत पहिलीच गोष्ट ही आहे: प्रत्येक गरोदर बाईला विचारा, शक्य तितक्या लवकर विचारा आणि दर भेटीत विचारा. हा माझ्या डोक्यातला किडा नाही.

आता, पोटात काय होतं ते. आपल्याला वाटतं की वार, म्हणजे प्लासेंटा, सगळं गाळून घेते. दारू गाळली जात नाही. आईच्या रक्तात जेवढी चढते, जवळपास तेवढीच थोड्या वेळाने पोटातल्याच्या रक्तात असते. आईचं यकृत ती हळूहळू फोडतं. त्याचं यकृत त्या कामाला तयारच झालेलं नसतं. जी बाहेर टाकतो ती गर्भजलात जाते, आणि तेच पाणी तो पुन्हा गिळतो. आईची उतरते, तरी त्याची उतरत नाही.

चेहऱ्याची घडण ठरते ती अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, कितीतरी जणींना पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तेव्हा. त्या दिवसांत जास्त दारू गेली तर डोळ्यांच्या फटी आखूड राहतात, वरचा ओठ पातळ होतो, नाकाखालची पन्हळ सपाट होते. पण असं तोंडावर उमटणं थोड्याच मुलांच्या वाट्याला येतं. मेंदू नऊही महिने घडत असतो, म्हणून बहुतेकांचं नुकसान आतच राहतं. मूल दिसायला गोंडस असतं. मग शाळेत गेल्यावर काल आलेली बेरीज आज येत नाही, घड्याळ कळत नाही, पैशाचा हिशेब कळत नाही, एकदा भाजलं तरी दुसऱ्यांदा तिथेच हात जातो. बाई म्हणतात मस्तीखोर आहे, शेजारी म्हणतात आईचं लक्ष नाही. आईने मनात काहीतरी ओळखलेलं असलं तरी ती कुणाला सांगणार? आणि सांगून मिळणार काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजलेत, त्यात पोटात असताना दारूने झालेलं हे नुकसान नाही. बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता या रकान्यात मूल बसलं तर प्रमाणपत्र, नाहीतर मार.

हे काही कालपरवा निघालेलं नाही. फ्रान्समध्ये नांत शहरात पॉल लेमोआन या बालरोगतज्ज्ञाने १९६८ साली दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९७३मध्ये अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच पुन्हा पाहिलं आणि त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं. पन्नास वर्षं उलटून गेली. आपल्याकडे अजून लोक मला विचारतात, "असं काही असतं का खरंच?"

"मग माझ्या मैत्रिणीने तर सातव्या महिन्यापर्यंत घेतली होती, तिचा मुलगा इंजिनिअर झाला." झाला असेल. मी तुमच्या मैत्रिणीला खोटं ठरवत नाही. २०१७ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून जो अंदाज बांधला गेला त्यात गरोदरपणी पिणाऱ्या दर ६७ बायकांमागे एक मूल पूर्ण सिंड्रोम घेऊन जन्मतं. आतल्या आत झालेलं नुकसान धरलं तर दर १३ बायकांमागे एक. म्हणजे बाराजणी सुटतात. कुठली सुटेल हे किती प्यायली, कधी प्यायली, एका बैठकीत किती प्यायली, खाणंपिणं कसं होतं, अंगाची ठेवण कशी, अशा बऱ्याच गोष्टींवर आहे आणि आधी कुणालाच सांगता येत नाही. तुमची मैत्रीण त्या बाराजणींतली. मला तेरावीचं बघायचं असतं.

त्या खासगी डॉक्टरांचं म्हणणं होतं, अगदी थोड्या प्रमाणाबद्दल पुरावा पक्का नाही, मग रेड वाइनच्या एका घोटासाठी बाईला घाबरवता कशाला. पुरावा पक्का नाही हे त्यांचं बरोबर आहे. पण "इतकी चालते" याचाही पुरावा नाही. ब्रिटनमध्ये आधी आठवड्याला एक-दोनदा थोडीशी चालेल असं सांगत होते. २०१६ला त्यांनीच ते काढून टाकलं आणि अजिबात नको म्हणून सांगितलं. आणि डॉक्टरसाहेब, एक घोट हा तुमच्या दिवाणखान्यातला शब्द आहे. माझ्या टेबलावर येतं ते "थोडीशी". त्या थोडीशीचा ग्लास केवढा असतो ते मी विचारलंय, तुम्ही विचारलेलं नाही.

आता ते प्रकरण. माझ्याबद्दल जे बोललं जातं ते त्याच्यावरूनच, आणि बोलणाऱ्यांना त्यातलं अर्धंच माहीत आहे.

आमच्या ओपीडीत वजनकाट्याच्या बाजूला एक हिरवा पडदा आहे. आमची खासगी जागा म्हणजे तो पडदा. पलीकडे लगेच बाकडं, त्यावर नातेवाईक. मी प्रत्येकीला वजनाच्या निमित्ताने पडद्याआड घेते आणि उरलेले प्रश्न तिथे हळू आवाजात विचारते. "वजन करायचंय, तुम्ही बसा" म्हटलं की सासवा बसतात. "मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय" म्हटलं की कुणी बसत नाही.

ती पहिलटकरीण होती. चौथा महिना लागलेला. दागिन्यांच्या दुकानात काउंटरवर नोकरी, बोलणं नीटनेटकं. सासूबाई आणि मिस्टर दोघंही आले होते, मिस्टरांनी हाफ डे टाकला होता. मला ते बरं वाटलं. नवरा सोबत येतो असं रोज कुठे दिसतं? ती चप्पल काढून काट्यावर चढली. मिश्री? नाही. तंबाखू? नाही. दारू, बिअर, वाइन काही घेता?

ती काट्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बिअर. शनिवारी. ह्यांच्याबरोबर."

किती विचारलं, तर एक बाटली, कधी दीड. मोठी का? मोठी, स्ट्राँग. दिवस गेल्यावरही? "हे म्हणतात बिअर म्हणजे दारू नव्हे. उलट लघवी साफ होते."

हे मी किती तोंडांतून ऐकलंय. साडेसहाशे मिलीच्या आठ टक्क्यांच्या एका बाटलीत जेवढं अल्कोहोल असतं तेवढं तीस मिलीच्या चार पेगमध्ये असतं. चार पेग म्हटलं असतं तर ती स्वतःच दचकली असती. मी तिला तेच सांगितलं, कुजबुजत, आणि म्हटलं, "झालं ते झालं, त्याचं ओझं घेऊ नका. आजपासून बंद. आजपासून बंद केलंत तरी बाळाला फायदा आहे." तिने मान हलवली. विचारलं, "काही झालं असेल का?" मी म्हटलं, आत्ता सांगता येत नाही, डॉक्टर मॅडमशी बोलू, सोनोग्राफी वेळेवर करू.

तेवढ्यात पडदा सरकला. सासूबाई उभ्या. त्यांनी मला काही विचारलंच नाही. तिला विचारलं, "तू पितेस?"

भरलेली ओपीडी. पंख्याचा आवाज तेवढा. ती अजून काट्यावरच उभी, अनवाणी, हातात पर्स. मिस्टर मागून आले. मी त्यांच्याकडे बघितलं, कारण शनिवारी बाटली घरी कोण आणतं हे आम्हा तिघांना माहीत होतं, ती, ते आणि मी. मला वाटलं, आता तो माणूस बोलेल. तो बोलला. म्हणाला, "सिस्टर, माझ्या बायकोच्या तोंडात शब्द घालू नका. ती तसली नाही."

मग ती म्हणाली, "मी नाही पीत. सिस्टरांना चुकीचं ऐकू आलं."

तिने असंच म्हणायला हवं होतं. तिच्या जागी मीही म्हटलं असतं. तक्रार झाली ती मात्र माझी, लेखी, "चांगल्या घरच्या सुनेवर नको ते आरोप" अशी. वरून फोन आले. मला खुलासा मागितला. मी लिहिलं की प्रश्न विचारणं हे माझं काम आहे, आणि पडद्याच्या जागी भिंत मिळावी. प्रश्नाबद्दल मला काही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही, पण "जरा सबुरीने घ्या" असं सगळ्यांनी सांगितलं. भिंत मिळालेली नाही. ते कुटुंब पुन्हा आमच्याकडे आलं नाही. नाव दुसरीकडे घातलं असणार.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

ती पुढच्या वर्षी लसीकरणाच्या दिवशी दिसली. साडेतीन महिन्यांची लस होती, आईबरोबर आली होती, सासूबाई नव्हत्या. बाळाचं वजन चांगलं होतं. मी त्याचे डोळे बघितले, ओठ बघितले, आणि मला काही दिसलं नाही. काही झालेलं नसेल म्हणून दिसलं नसेल, किंवा या वयात दिसतच नाही म्हणून. ते मला कधीच कळणार नाही, आणि तिलाही कळेल ते शाळेत गेल्यावर.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "त्या दिवसानंतर घेतली नाही मी. एकदाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही आलं. ती पुढे म्हणाली, "पण सिस्टर, सासूबाई अजून माझ्या ग्लासाचा वास घेतात. पाण्याच्या. हे घेतात ते चालतं. तुम्ही विचारलं नसतंत तरी मी सोडली असती. सोनोग्राफीत त्याचे हातपाय बघितल्यावर सोडलीच असती."

मी म्हटलं, "ती सोनोग्राफी पाचव्या महिन्यात असते."

ती म्हणाली, "हो ना," आणि बाळाला घेऊन टोचायच्या रांगेत गेली.

आता सांगा, मी तिचं भलं केलं की वाईट? तुम्ही पटकन एक बाजू घ्याल. मला वर्षभर घेता आलेली नाही. चौथ्यापासून नवव्यापर्यंत त्या बाळाच्या मेंदूला दारू लागली नाही. हे खरं. आणि एका बाईच्या घरात तिच्या पाण्याच्या ग्लासाचा वास घेतला जातो. हेही खरं. नोकरीला लागले तेव्हाची मी असते तर म्हणाले असते, बघ, याचसाठी विचारू नये म्हणत होते. तेव्हा माझं ठाम मत होतं की ज्या उत्तरानंतर बाईच्या हातात द्यायला आपल्याकडे काही नाही, तो प्रश्न विचारूच नये. "हो" म्हणाली तर पाठवणार कुठे? व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बाकड्यांवर सगळे पुरुष. तिथे पोटुशी बाई नेऊन बसवून बघा.

नोकरीला नव्या लागलेल्या त्या मुलीचं, म्हणजे माझंच, म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. तिला मी एवढंच सांगेन की "हो" म्हणणाऱ्या बहुतेक जणींना पाठवायची गरजच नसते. त्या शनिवारच्या असतात, गटारीच्या, थर्टी फर्स्टच्या. त्यांना कुणीतरी न ओरडता, न लाजवता, आकड्यानिशी एकदा सांगितलेलं पुरतं. जिला रोज लागते तिची गोष्ट वेगळी. तिला "आजपासून बंद" असं मी सांगत नाही, आणि तुम्हीही घरात कुणाला सांगू नका. रोजची सवय असलेल्या बाईची एकदम तोडली तर हात थरथरतात, झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तिची सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जरूर तर दाखल करून. तिच्यासाठी आपल्याकडे जागा कमी आहे, हे माझ्या त्या जुन्या म्हणण्यातलं खरं आहेच. पण जागा नाही म्हणून विचारायचं नाही, असं केलं तर जागा लागते हे कुणाला कळणार?

मला रागीट म्हणतात. राग आहे. पण बायकांवर नाही, हे एकदा लिहून ठेवते. ज्या घरात नवरा रोज संध्याकाळी पितो त्या घरात बाईने "नको" म्हणणं किती अवघड असतं ते मी ऐकते. "एकटा पिऊ काय?" "चार घोटांनी काय होतंय?" "आज मूड नको घालवू." गरोदरपण बाईचं, बाटली त्याची आणि प्रश्न मात्र मी विचारायचा तिला. खरं तर नवऱ्याला विचारायला हवं, आणि मी जमेल तेव्हा विचारते: "नऊ महिने घरात आणायची नाही, जमेल?" कुणी हसतं. एकाने खरंच बंद केली, असं त्याची बायको सांगत होती.

राग बाटलीवरही आहे. २०१९पासून आपल्याकडच्या प्रत्येक दारूच्या बाटलीवर इशारा छापावा लागतो: मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका. गाडीचं आहे, पोटातल्या बाळाचं नाही. फ्रान्समध्ये २००७पासून गरोदर बाईच्या चित्रावर काट मारलेली खूण किंवा तसा लेखी इशारा सक्तीचा आहे. ऑस्ट्रेलियात २०२३पासून तसाच इशारा सक्तीचा झाला. आपल्याकडे मुंबईत वाइन शॉपच्या जाळीतून बाटली बाहेर येते, काळ्या पिशवीत जाते आणि गरोदर बाईबद्दल त्या बाटलीवर अवाक्षर नसतं.

आणि ९ तारीख. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६पासून; त्या दिवशी देशभर गरोदर बायका रांगेत उभ्या असतात. सप्टेंबरची ९ तारीख, नवव्या महिन्याचा नववा दिवस, ही १९९९पासून जगात बऱ्याच ठिकाणी नेमक्या याच विषयाचा दिवस म्हणून पाळतात, गरोदरपणाचे नऊ महिने लक्षात राहावेत म्हणून. म्हणजे आपल्याकडे त्या दिवशी ऐकायला बायका आयत्या जमलेल्या असतात. आमच्या भिंतीवर लोहाच्या गोळ्यांचं पोस्टर आहे, स्तनपानाचं आहे, डेंगीचं आहे. याचं नाही.

एक गोष्ट मला फार विचारली जाते, पण ती ओपीडीत नाही, फोनवर, रात्री उशिरा, आधी मैत्रिणीचं म्हणून आणि मग स्वतःचं म्हणून. "कळायच्या आधी लग्नात घेतली होती. पाळी चुकल्याचं दोन आठवड्यांनी लक्षात आलं. आता काय करू? पाडू का?" बाई, नका घाबरू. एकदा-दोनदा घेतली म्हणून नुकसान झालंच असं कुणीही सांगू शकत नाही, आणि तेवढ्यावरून असे निर्णय रात्री अकरा वाजता फोन बघून घ्यायचे नसतात. आज थांबा. उद्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा, किती आणि कधी ते सुद्धा. त्यांनी तोंड वाकडं केलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि पुढे कधी मुलाच्या शिकण्यात, वागण्यात काही वेगळं वाटलं तर लाज न धरता बालरोगतज्ज्ञांना हे पण सांगा. लवकर ओळखलेल्या आणि घरात मार न खाता, समजून घेऊन वाढलेल्या मुलांचं पुढचं आयुष्य बरंच सावरतं. बरा होणारा आजार नाही हा, पण हाताळता येतो.

आमच्याकडे नवी आलेली एक सिस्टर आहे. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आणि माझ्याशी वाद घालणारी. ती म्हणते, "मॅडम, पडद्याचा नाद सोडा. या इमारतीत गरोदर बाई एकटी असते अशी जागा एकच आहे, लघवीचा नमुना द्यायला जाते तो संडास." तिथे दाराला आतून कागद लावायचा, दोरीला पेन बांधायचं, बाई काही घेत असेल तर तिने डबीच्या झाकणावर एक रेघ ओढायची. बोलायला नको, बाकड्यावरच्यांनी ऐकायला नको. परदेशात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल असं विचारतात म्हणे, तिने वाचलंय. मला कल्पना एकदम पटली आणि लगेच शंका आल्या. वाचता न येणारीने काय करायचं? लॅबमधल्या मुलाने रेघ बघून मोठ्याने विचारलं तर? आणि रेघ ओढलेल्या बाईशी मी पुढे बोलणार कुठे, तर त्याच पडद्याआड. ती म्हणते चित्र लावू. मी म्हणते बाटलीचं चित्र लावलं की आधी सफाईच्या मावशी विचारतील, मग सगळी ओपीडी. आमचं अजून जमलेलं नाही.

ते जमेपर्यंत मी तोंडीच विचारणार, सगळ्यांना. तुमच्या सुनेलाही विचारणार. तिला वजनाला बोलावलं की तुम्ही तेवढ्या पाच मिनिटांसाठी बाकडं सोडून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिलात तर बरं होईल.